एजीएममध्ये सगळ्यांनी हात वर केले, लिफ्टमध्ये मात्र कोणालाच पटलेलं नव्हतं

रानजाई | रविवार, रात्री १०:५०

आज आमच्या सोसायटीची एजीएम, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. घोडबंदर रोडला आतल्या बाजूला, तीन विंग, ८४ फ्लॅट. साडेदहाची वेळ होती, साडेदहाला आठ माणसं, कोरम (सभेला लागणारी किमान संख्या) नाही म्हणून नेहमीसारखं अर्धा तास थांबले आणि अकराला तीच सभा सुरू झाली तेव्हा २७ जण होते.

विषय क्रमांक सहा, बाहेरून रंगकाम आणि वॉटरप्रूफिंग. ४६ लाख. म्हणजे घरटी साधारण ५५ हजार. तीन कोटेशनं वाचून दाखवली म्हणजे तिन्हींचा खालचा आकडा वाचून दाखवला, चेअरमन म्हणाले मधला बरा वाटतोय, माणूस ओळखीतला आहे, कोणाची हरकत? तेवढ्यात फिरत फिरत त्या कोटेशनचा कागद माझ्या हातात आला होता. 'दोन हात एक्स्टेरियर पेंट, कंपनी मटेरियल' असं होतं, टेरेसचं एक वाक्य होतं, पण प्लास्टर ठोकून बघायचं, पोकळ निघेल ते काढायचं, भेगा भरायच्या याची ओळच नव्हती. आमच्या बेडरूमच्या भिंतीला दर जूनमध्ये ओल येते, जुलैपर्यंत पोपडे सुटतात, मला त्या ओळीचा अर्थ नीट माहितीय.

मी महापेला एका औषध कंपनीत क्वालिटीत आहे. रोज कागद वाचते, एक सही कमी असली तर बॅच अडवते, समोर प्लांट हेड असला तरी अडवते. आणि इथे काय झालं, तर पुढच्या रांगेतले दोघं 'मंजूर मंजूर' म्हणाले, त्यांच्या मागच्यांचे हात वर गेले, मी आजूबाजूला बघितलं, बी विंगचे काका आहेत, बांधकाम खात्यातून रिटायर झालेले, त्यांचाही हात वर. मला वाटलं त्यांना कळतंय म्हणजे ठीकच असेल. आणि माझा हात वर गेला. चहा आला, पुढचा विषय.

खरी गोष्ट नंतरची. लिफ्टमध्ये आम्ही चौघं होतो. तिसऱ्या मजल्यावर उतरता उतरता एक ताई म्हणाल्या जरा घाईच झाली नाही का. पाचव्यावरचे म्हणाले मला तर रेटच जास्त वाटला. सातव्याला माझ्याबरोबर उतरलेला मुलगा म्हणाला टेरेसचं काम आधी करायला हवं ना, मग रंग. चौघांपैकी एकालाही पटलेलं नव्हतं आणि चौघांचेही हात दहा मिनिटांपूर्वी वर होते. मिनिट्समध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, 'सर्वानुमते मंजूर' लिहिलं जाणार.

दुपारपासून डोक्यात हेच आहे. २७ शहाणी माणसं एकत्र बसली आणि एकेकट्याने घेतला असता त्यापेक्षा वाईट निर्णय घेतला. असं का होतं? आणि तुमच्याकडे कुठे हे वेगळं होत असेल तर ते कशामुळे होतं, तेही सांगा. मला मनापासून समजून घ्यायचंय.

चष्मेवाली | रविवार, रात्री ११:२५

रानजाई, तू जे लिहिलंयस ते मी वाशीच्या कॉलेजमध्ये दर वर्षी एफवायच्या (पहिल्या वर्षाच्या) मुलांना मानसशास्त्रात शिकवते, पण इतकं स्वच्छ उदाहरण माझ्याकडेही नव्हतं.

१९५० च्या दशकात अमेरिकेत सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने रेषांचा प्रयोग केला. एका कार्डावर एक रेष, दुसऱ्यावर तीन, त्यातली सारखी कोणती ते मोठ्याने सांगायचं. इतकं सोपं की एकटा माणूस शंभरात एखाद्या वेळीही चुकत नाही. पण खोलीतले बाकी सगळे अ‍ॅशचे आधी सांगून ठेवलेले लोक आणि ते ठरवून एकमुखाने चुकीचं उत्तर द्यायचे. खऱ्या माणसाचा नंबर शेवटी शेवटी. अशा फेऱ्यांमध्ये साधारण ३७ टक्के वेळा लोक घोळक्याबरोबर चुकीचं बोलले, आणि चारातले तीन जण निदान एकदा तरी वाकले. नंतर विचारल्यावर बऱ्याच जणांनी सांगितलं की डोळ्यांना दिसत होतं वेगळंच, पण वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय.

लोक इथेच थांबतात, पण त्या प्रयोगाचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अ‍ॅशने त्या घोळक्यात फक्त एक माणूस खरं बोलणारा ठेवला, तर चुका जवळजवळ एक चतुर्थांशावर आल्या. एक माणूस! आणि त्या एकाचं उत्तर स्वतः चुकीचं असलं, फक्त बाकीच्यांपेक्षा वेगळं असलं, तरीसुद्धा दडपण उतरलं. आणि उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायला दिलं तेव्हाही खूप उतरलं. म्हणजे तुमच्या त्या हॉलमध्ये लिफ्टमधल्या चौघांपैकी कोणीही एक जण 'थांबा जरा' म्हणाला असता तर बाकी तिघं बोलले असते, याची मला तरी खात्री आहे.

सरळसोट | सोमवार, सकाळी ८:१०

चष्मेवाली ताई, प्रयोग माहितीय पण मला तो सोसायटीला तसाच्या तसा लावणं पटत नाही. रेषांच्या खोलीतून बाहेर पडल्यावर त्या पोराचं कोणी काही वाकडं करणार नव्हतं. सोसायटीत करतात. मी आधी ज्या सोसायटीत राहायचो तिथे सिंकिंग फंडाचा (मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवतात तो) हिशोब विचारला, एवढंच विचारलं की एफडी कोणत्या बँकेत आहे, पुढच्या महिन्यात माझा भाडेकरू आला त्याची एनओसी (सोसायटीचं ना-हरकत पत्र) दोन महिने अडली, आज चेअरमन गावाला गेलेत उद्या शिक्का सापडत नाहीये. तो माणूस कंटाळून दुसरीकडे गेला. दोन महिन्यांचं भाडं बुडालं. त्यानंतर मी पण हात वर करायला लागलो आणि मला त्यात गोंधळ काहीच नव्हता, मला पक्कं माहीत होतं की मी घाबरून करतोय.

तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एक म्हणजे 'माझंच चुकत असेल' असं वाटून गप्प बसणं आणि दुसरी म्हणजे 'बरोबर आहे पण महागात पडेल' म्हणून गप्प बसणं. पहिलीला एक साथीदार पुरतो. दुसरीला नाही पुरत, तिथे मत गुप्त पाहिजे नाहीतर दहा जण एकत्र पाहिजेत.

वर्तकनगरकर | सोमवार, सकाळी ९:४०

नऊ वर्षं सेक्रेटरी होतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. सरळसोट यांना जो त्रास झाला तो चूकच, त्याचं समर्थन नाही. पण सेक्रेटरीच्या खुर्चीतून सभा कशी दिसते तेही ऐका.

वर्षभर पाण्याचं प्रेशर, लिफ्ट बंद, कबुतरं, वरच्याचं गळतंय खालच्याच्या डोक्यावर, रात्री अकराला फोन. कमिटीत यायला कोणी तयार नाही, सात जागांना पाच अर्ज. कोरम दोन तृतीयांश सभासद किंवा वीस यातला जो कमी तो, म्हणजे वीस माणसं आली तरी पुरतं, आमच्याकडे नऊ वर्षांत एकदाही वेळेवर वीस झाले नाहीत. अर्ध्या तासाने पुन्हा बसायचं, तेव्हा मग कोरम लागत नाही, आणि सगळ्यांना हे माहीत असल्यामुळे सगळे अर्ध्या तासानेच येतात. मग समोर पंचवीस माणसं, चौदा विषय, एक वाजता हॉल मोकळा करायचा. 'कोणाची हरकत?' विचारून मी मनात तीन मोजायचो आणि पुढे जायचो. मला खरंच वाटायचं की सगळ्यांना मान्य आहे. त्या शांततेत इतकं काही भरलेलं असतं हे मला पद सोडून मागच्या रांगेत बसायला लागल्यावर कळलं.

आणि एक प्रसंग आजही आठवतो. पाण्याचा पंप सारखा ट्रिप होत होता, आम्ही कमिटीत तासभर चर्चा करून नवीन पंप घ्यायचा ठरवला. नवा पंप बसला, तोही ट्रिप. दोष पॅनेलमध्ये होता. नंतर कळलं की आमच्यातल्याच एकाला वॉचमनने आधीच सांगितलं होतं की पॅनेलजवळ जळकट वास येतो. तो तासभर बैठकीत बसला होता. मी विचारलं बोलला का नाहीत, तर म्हणाला सगळे पंपाच्या मॉडेलवर बोलत होते, मला वाटलं हे तुम्हाला माहीतच असेल. मोठा पैसा गेला सोसायटीचा, पण त्या माणसाचा राग नाही येत, कारण त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

चष्मेवाली | सोमवार, सकाळी १०:०५

वर्तकनगरकर काका, तुमच्या पंपाच्या गोष्टीवर १९८५ साली स्टॅसर आणि टायटस या दोघांनी प्रयोग केलेला आहे. गटाने मिळून एक उमेदवार निवडायचा होता. प्रत्येकाला थोडी माहिती दिली, काही सगळ्यांना सारखी आणि काही एकेकट्यालाच. सगळ्यांची एकत्र केली तर योग्य उमेदवार सहज दिसेल अशी मांडणी. पण गट जे सगळ्यांना आधीच माहीत आहे त्यावरच बोलत बसले, एकट्याकडे असलेली माहिती त्याच्याकडेच राहिली आणि निवड चुकली. जे सगळ्यांना माहीत असतं ते बोललं की माना डोलतात, बोलणाऱ्याला बरं वाटतं. नवीन काही बोललं की शांतता होते. म्हणून लोक सगळ्यांना माहीत असलेलंच बोलतात.

सरळसोट, तुमचा भेद मान्य. वर्गात मी तो पुरेसा ठळक करत नाही, आता करेन.

खाडीपूल | सोमवार, दुपारी १:३०

ऐरोलीच्या ऑफिसमधला प्रसंग. पाचवा मजला, दुपारची वेळ, फायर अलार्म वाजला. ओपन हॉलमध्ये साठ-सत्तर लोक. कोणी उठलं नाही. खरं सांगतो मी पण नाही. मान वर करून बघितलं, शेजारचा टाइप करत होता, मॅनेजर फोनवर होता, कोणीतरी म्हणालं ड्रिल असेल, आणि ते वाक्य सगळीकडे पसरलं, ड्रिल आहे ड्रिल आहे, जसं काही मेलच आलाय. तीन-चार मिनिटं गेली असतील. मग हाऊसकीपिंगच्या मावशी जिन्याकडून धावत आल्या, अहो उठा की, खालून धूर येतोय. तेव्हा सगळे एकदम उठले. यूपीएस रूममध्ये वायरिंग पेटलं होतं, वेळेत विझलं म्हणून ठीक.

मला नंतर खूप दिवस झोप लागेना. आगीचं तेवढं नाही, पण मी एकटा घरी असतो तर दुसऱ्या सेकंदाला उठलो असतो हे मला माहीत होतं म्हणून.

चष्मेवाली | सोमवार, दुपारी २:१५

खाडीपूल, तुम्ही एकटे नाही. बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये नेमकं हेच तपासलं. मुलं फॉर्म भरत बसलीयेत आणि भिंतीच्या फटीतून खोलीत धूर सोडला. एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्क्यांनी जाऊन सांगितलं. पण शेजारी दोन जण ठरवून शांत बसवले होते तेव्हा फक्त १० टक्के उठले. डोळे चोळत, खोकत फॉर्म भरत राहिले. आणि विचारल्यावर म्हणाले वाफ असेल, एसीचं काहीतरी असेल. घाबरून बसले होते असं नाही, दुसऱ्याच्या शांत चेहऱ्यावरून त्यांनी 'काही विशेष नाही' असा अर्थ लावला, आणि तो दुसराही यांच्याकडे बघून तेच करत असतो. मावशी हॉलच्या बाहेरून आल्या होत्या, तुमचे चेहरे त्यांनी बघितलेलेच नव्हते.

कळवानाका | सोमवार, संध्याकाळी ७:५०

ट्रेनमधून लिहितोय. हे सगळं वाचून घोळका म्हणजे वाईटच असं वाटायला लागलंय, ते मला सहन होत नाही. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. मी कुर्ल्याहून कळव्याला चालत आलो, दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. रात्री कमरेएवढ्या पाण्यात आम्ही अनोळखी तीस-चाळीस माणसं एकमेकांचे हात धरून रांगेने चालत होतो, पुढचा काठीने गटाराचं झाकण उघडं आहे का ते चाचपायचा आणि ओरडायचा 'डावीकडे', ते मागच्यापर्यंत एकेक करून जायचं. मुलुंडला एका चाळीतल्या बायका रस्त्यावर चहा आणि पार्ले-जी घेऊन उभ्या होत्या. एका माणसाने माझी बॅग डोक्यावर धरली होती भांडुपपर्यंत, त्याचं नाव मी विचारलं नाही. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं की तू पुढे हो तू काठी धर.

तिथे का नाही सगळे एकमेकांकडे बघत उभे राहिले? हे मला समजावून सांगा कोणीतरी.

चष्मेवाली | सोमवार, रात्री १०:४०

कळवानाका, बरं झालं लिहिलंत. त्याच महिन्यात, ७ जुलै २००५ ला लंडनच्या भुयारी रेल्वेत बॉम्बस्फोट झाले होते. जॉन ड्र्युरी हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून वाचलेल्यांशी बोलून अभ्यास केला. अंधारात, धुरात, मदत यायच्या आधी अनोळखी लोकांनी एकमेकांना सांभाळलं होतं, चेंगराचेंगरी करून पळणारे फार कमी. त्यांचं म्हणणं असं की सगळ्यांवर एकच संकट आलंय हे दिसलं की डब्यातले सुटे प्रवासी अचानक 'आपण' होतात.

ऐरोलीत संकट आहे की नाही हेच कोणाला कळत नव्हतं, म्हणून सगळे एकमेकांचे चेहरे वाचत बसले. कमरेएवढ्या पाण्यात कोणाला शंका असणार? आणखी एक, इंग्लंड, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रस्त्यांवरच्या सीसीटीव्हीतली भांडणं तपासली तेव्हा दहातल्या नऊ वेळा कोणी ना कोणी मध्ये पडलं होतं. तो अभ्यास २०१९ चा. त्यामुळे 'बघे नुसते बघत बसतात' हे सरसकट खरं नाही, मी स्वतः पूर्वी जरा जास्तच ठासून शिकवायचे.

तिसरा_थर | मंगळवार, सकाळी ७:०५

पहिल्यांदाच लिहितोय इथे. ठाण्यात गोविंदा पथकात आहे चौदा वर्षं, आधी वर चढायचो आता वजन वाढलं तर तिसऱ्या थराला असतो. आमच्याकडे शंभर-दीडशे पोरं असतात आणि कामचुकारपणा हा प्रकार नसतो, कारण सांगतो. माझ्या खांद्यावर ज्याचे पाय आहेत त्याला माझा श्वास पण कळतो. मी जरा सैल सोडलं की वरचा हलतो, त्याच्या वरचा जास्त हलतो, खालून सर ओरडतात नाव घेऊन, 'तिसरा, डावीकडचा, दाब!' नावानिशी. दीड-दोन महिने सराव असतो रात्री, त्यात तीन दिवस आला नाहीस तर त्या दिवशी थराला घेत नाहीत, बेसला मागे उभं करतात, बोलत नाहीत काही, फक्त उभं करतात.

उलट आमच्याच मंडळाचं मंडप सोडायचं काम असलं की तीच पोरं गायब. दहा बांबू उचलायला तीस जण आणि उचलणारे सहा. तेव्हा माणसं तीच असतात, फरक कशाचा तेवढं बघा.

चष्मेवाली | मंगळवार, सकाळी ७:४०

तिसरा थर, रिंगेलमान म्हणून फ्रान्सचे शेतकी इंजिनिअर होते, त्यांनी शंभर वर्षांहून आधी रस्सी ओढायला लावून हेच मोजलं. आठ जण ओढायला लागले की प्रत्येकाचा जोर एकट्याच्या साधारण निम्म्यावर येतो. पुढे १९७४ मध्ये लोकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून 'मागे बरेच जण ओढतायत' असं नुसतं भासवलं, तरी जोर कमी झाला. रस्सीत माझा जोर किती ते कोणाला दिसत नाही. थरात दिसतो, आणि कोणाचा तरी जीव त्यावर असतो.

अबोली_नेरूळ | मंगळवार, दुपारी ३:२०

ओला-सुका कचऱ्याचं आमचं सांगते. सुरुवातीला छान चाललं होतं, सगळे वेगळा करायचे. मग एक दिवस कोणीतरी बघितलं की खाली कचरा घेऊन जाणारा मुलगा दोन्ही बादल्या एकाच ड्रममध्ये ओततोय. ग्रुपवर फोटो आला. दोन आठवड्यांत बिल्डिंगमधल्या निम्म्या घरांनी वेगळा करणं सोडलं, महिन्यात जवळजवळ सगळ्यांनी. मी पण सोडलं आणि मला त्याचं वाईट वाटायचं. ओट्याखाली दोन डबे तसेच होते, मी दोन्हीत सगळंच टाकायचे.

मग आमच्या मजल्यावरच्या आजींनी एक केलं. रोज सकाळी पावणेआठला जिन्यात खुर्ची टाकून बसायच्या, आपल्या मजल्याच्या चारही घरांच्या ओल्या बादल्या स्वतः बघायच्या, आणि मुलाबरोबर खाली जाऊन वेगळ्या ड्रमात पडतंय ना ते बघायच्या. ओरडल्या नाहीत कोणाला. वर येऊन सांगायच्या, 'चारही घरांचा वेगळा पडला आज.' बस. पंधरा दिवसांत आमचा मजला लाइनीवर आला आणि मग वरच्या मजल्याने त्यांना विचारलं आमच्याकडे पण येता का.

लोकांना फुकटं राहायचं नसतं हो. आपण एकटेच वेडे ठरू नये एवढंच असतं.

चष्मेवाली | मंगळवार, दुपारी ४:००

अबोली, झुरिचच्या संशोधकांनी २००१ मध्ये जवळपास हेच आकड्यांत मांडलं. सामाईक डब्यात पैसे टाकण्याचा खेळ होता, त्यात साधारण निम्मे लोक 'इतर जितकं टाकतील तितकं मी टाकेन' असे निघाले. काही टाकायचंच नाही असं ठरवलेले जवळजवळ एक तृतीयांश. म्हणून डबा हळूहळू रिकामा होत जातो, त्या निम्म्यांना वाटतं आपणच का? तुमच्या आजींनी त्या निम्म्यांना रोज बातमी पोचवली.

पांझराकाठ | मंगळवार, रात्री ९:३०

खारघरला राहतो, मूळ साक्री तालुक्यातला, धुळे जिल्हा. आमच्याकडे पांझरा नदीवर बंधारे आणि फड पद्धत आहे, तीन-चारशे वर्षं जुनी, मोसम आणि आरम नद्यांवरही होती. पाटाच्या खालच्या जमिनीचे मोठे भाग पाडायचे, त्याला फड म्हणतात, आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. ऊस तर सगळ्यांचा ऊस, भुसार तर सगळ्यांचं भुसार, दर वर्षी फिरवायचं. शेतकऱ्याने स्वतः पाण्याला हात लावायचा नाही, पाणी देणारे पाटकरी वेगळे, गावाने नेमलेले. आणि साधारण प्रत्येकाची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत, त्यामुळे एका फडाला पाणी कमी पडलं तर ते सगळ्यांनाच लागतं.

आजोबा सांगायचे की पाटकऱ्याशी भांडलं तर पंचांपुढे जायचं आणि पंच आधी दंड नाही करायचे, आधी सगळ्यांसमोर विचारायचे काय झालं. सगळ्यांसमोर सांगायला लागणं हाच मोठा दंड होता.

१९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञांनी मांडलं होतं की सामाईक कुरण असलं की ते उजाड होणारच, प्रत्येक जण आपली जास्तीची गाय घालणार. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची पाणी, जंगलं, मासेमारीची गावं अभ्यासून दाखवलं की तसं व्हायलाच पाहिजे असं नाही, लोक स्वतः नियम करतात, स्वतः लक्ष ठेवतात, आणि पिढ्यानपिढ्या टिकवतात. २००९ ला त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळालेली पहिली बाई. मला तेव्हा आमचा पाट आठवला. आजोबांना हे सांगायला ते नव्हते.

रानजाई ताई, तुमच्या ८४ घरांत पाटकरी कोण आहे? म्हणजे ज्याला स्वतःचा फायदा नाही आणि जो सगळ्यांसमोर उत्तर देतो असा?

रानजाई | बुधवार, रात्री ११:१०

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. सरळसोट यांचा भेद मला सगळ्यात लागला, कारण मी स्वतःला विचारलं मी कोणत्या प्रकारात होते, तर मी घाबरले नव्हते. मी फक्त काकांच्या हाताकडे बघितलं होतं.

म्हणून आज संध्याकाळी बी विंगला गेले. काका खाली बाकावर होते. मी सरळ विचारलं, काका, त्या कोटेशनमध्ये भेगांची ओळ नव्हती, तुम्ही हात कसा वर केलात? ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "अगं, माझ्यापर्यंत कागद आलाच नव्हता. तुझ्या हातात होता, तू वाचत होतीस. तू क्वालिटीत आहेस ना. तू काही बोलली नाहीस, म्हटलं हिने बघितलंय म्हणजे नीट असणार."

आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. मग ते म्हणाले वही आण.

एक पंचमांश सभासदांच्या सहीने विशेष सभा मागता येते, ८४ च्या हिशोबाने १७ सह्या. आज रात्री नऊपर्यंत अकरा झाल्या. लिफ्टमधल्या चौघांच्या आधी.

सरळसोट | बुधवार, रात्री ११:३०

सह्या घेताना नावं वर-खाली न लिहिता गोलात घ्या, पहिला कोण ते कळत नाही. आणि मतदान चिठ्ठीने मागा, अर्जातच लिहा.

वर्तकनगरकर | गुरुवार, सकाळी ८:००

आणि ताई, सेक्रेटरींना अर्ज द्यायच्या आधी एकदा घरी जाऊन भेटा. कागद अचानक हातात पडला की माणूस स्वतःला वाचवायला लागतो. सांगा की तुमच्याविरुद्ध नाहीये, कामाच्या यादीबद्दल आहे. चिठ्ठ्यांत फक्त हो-नाही नको, 'या कामाबद्दल मला माहीत असलेली एक गोष्ट' असंही लिहायला सांगा, चर्चेच्या आधी. मला हे तेव्हा सुचलं असतं तर तो पंप घेतला नसता.

रानजाई | रविवार, दुपारी ४:४५ (पाच आठवड्यांनंतर)

उशीर झाला, पण सांगायचंच होतं. विशेष सभा आज झाली. २३ सह्या झाल्या होत्या. सेक्रेटरींच्या घरी वर्तकनगरकर काकांनी सांगितलं तसं आधी गेले, ते दहा मिनिटं चिडलेले होते, मग म्हणाले ओळख नसलेला कॉन्ट्रॅक्टर काम अर्धवट टाकून पळतो म्हणून मी ओळखीचा धरला, मला कमिशन खायचं नाहीये. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. अर्ज स्वतःच टाइप करून दिला त्यांनी, चिठ्ठ्यांच्या मुद्द्यासकट.

४१ जण आले. चर्चेआधी चिठ्ठ्या. बी विंगच्या काकांनी एकेक उघडून वाचल्या, नाव न घेता. एका चिठ्ठीत होतं की टाकीच्या मागच्या पाइपला गळती आहे आणि ओल तिथून येते, रंगाने काही होणार नाही. एकीत, याच कॉन्ट्रॅक्टरने शेजारच्या संकुलात काम चांगलं केलंय. एकीत फक्त 'मला ५५ हजार एकदम जमणार नाहीत.' तशा सहा निघाल्या. सप्टेंबरमध्ये यातलं एक अक्षरही बोललं गेलं नव्हतं.

दोन तास चाललं, आवाज चढले, एक काकू मधेच उठून गेल्या. प्लास्टर आणि पाइपचं काम धरून नवा आकडा ५३ लाख, चार हप्त्यांत, कॉन्ट्रॅक्टर तोच. बाजूने २४, विरोधात १५, दोन कोऱ्या. विरोधातले काही अजून नाराज आहेत, महाग झालं म्हणतात, आणि त्यांचं अगदीच चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही. मिनिट्समध्ये २४-१५-२ असंच लिहायचं ठरलं.

सभेनंतर कोणी लगेच वर गेलं नाही. काका छोटी हातोडी घेऊन ए विंगच्या मागच्या भिंतीशी गेले, टकटक करत, कान लावून. पोकळ आवाज आला की थांबायचे आणि सेक्रेटरींचा मुलगा खडूने तिथे गोल करायचा. हात पोचेल तेवढ्या उंचीत २३ गोल झालेत. मी आत्ता खिडकीतून बघतेय, विरोधात मत दिलेले पाचव्या मजल्यावरचे काका शिडी धरून उभे आहेत.